रेडिएशनचा कायदा अपडेट करायचा तर सुरुवात कुठून करायची

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं शांती कायदा पास केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा अणुअपघाताच्या भरपाईचा कायदा, दोन्ही रद्द करून एकच नवा. १५ तारखेला विधेयक मांडलं आणि १८ ला दोन्ही सभागृहांतून बाहेर. चर्चा झाली ती खासगी कंपन्या येणार का आणि अपघात झाला तर यंत्रं पुरवणारा सप्लायर भरपाईतून सुटला का याचीच. ती व्हायलाच हवी, पण ज्यांचा रेडिएशनशी रोजचा संबंध आहे, म्हणजे एक्सरे सेंटरवाले, कॅथलॅबमधले टेक्निशियन, पाइपलाइनच्या वेल्डचे फोटो काढणारे रेडिओग्राफीवाले, त्यांच्यासाठी खरं काम आता पुढे आहे, कारण कायद्याखालचे नियम, आदेश, कोड, फॉर्म हे सगळं एकेक करून नव्या कायद्याशी जुळवावं लागणार.

म्हणून हे लिहितोय. असा कायदा अपडेट करताना कामं कुठल्या क्रमानं करायची, काय कुठे लिहायचं आणि मसुदा हातात आला की पहिल्यांदा काय बघायचं. तुम्ही समितीवर असाल तर उपयोग आहेच, लॉ करत असाल, आरएसओ (हॉस्पिटल किंवा संस्थेचा रेडिएशन सुरक्षा अधिकारी) असाल किंवा तारापूर-जैतापूरकडचे असाल आणि मसुद्यावर सूचना पाठवायची असेल तरी हाच क्रम धरा.

कायदा नंतर उघडा, आधी मोजणी

बहुतेक समित्या पहिल्या मीटिंगला जुना कायदा उघडतात आणि कलम १ पासून वाचायला लागतात. तसं करू नका. आधी देशात रेडिएशनचं काय काय आहे, किती आहे, कुणाकडे आहे आणि काम संपल्यावर ते कुठे जाणार याची यादी करा. अणुभट्ट्या मोजायला सोप्या, त्या सगळ्यांना माहीत असतात आणि त्यांच्यावर नजरही असते. कायद्याचा खरा पसारा दुसरीकडे आहे. गल्लीतल्या डेंटिस्टचं एक्सरे मशीन, कॅन्सर हॉस्पिटलचं कोबाल्टचं युनिट, इरिडियमचे रेडिओग्राफी कॅमेरे जे टेम्पोतून या साइटवरून त्या साइटवर जातात, सिमेंट आणि पेपर मिलमधले रेडिएशननं मोजमाप करणारे गेज, लासलगावचं कांदा आणि आंब्याचं विकिरण केंद्र.

मोजणी न केल्याचं काय होतं ते कॅगनं २०१२ च्या अहवालात दाखवलं होतं. देशात ५७,४४३ वैद्यकीय एक्सरे युनिट, त्यातली ५२,१७३ नोंदणीशिवाय चालू, म्हणजे ९१ टक्के. रेडिएशन संरक्षणाचे नियम २००४ पासून होते बरं का, आणि चांगले होते. कागदावर परवाना बंधनकारक आणि प्रत्यक्षात दहातली नऊ मशीनं यादीतच नाहीत, तर त्या नियमाला नुसतं आणखी कडक करून काय मिळणार? त्यानंतर ई-लोरा ही ऑनलाइन परवान्याची सिस्टीम आली आणि परिस्थिती बरीच सुधारली. म्हणजे इथे सुधारणा झाली ती कलमातून कमी आणि पोर्टलमधून जास्त, हे समितीतल्या वकील मंडळींना जरा सांगावं लागतं.

यादीत एक कॉलम हमखास ठेवा: वापर बंद झालेले सोर्स, म्हणजे किरणोत्सर्गी पदार्थ असलेली साधनं. सगळ्यात वाईट अपघात तिथूनच येतात. ब्राझीलमध्ये गोयानिया शहरात एका क्लिनिकनं जागा बदलली आणि सीझियम-१३७ चं जुनं मशीन तिथेच सोडलं, १९८७ मध्ये दोघांनी ते भंगार म्हणून उचललं, आतली निळी चमकणारी पावडर घरोघरी गेली, चार जण मेले आणि एक लाखाच्या वर लोकांची तपासणी करावी लागली. आपल्याकडे एप्रिल २०१० मध्ये दिल्लीत मायापुरीच्या भंगार बाजारात तेच. दिल्ली विद्यापीठाच्या केमिस्ट्री विभागात कित्येक वर्षं धूळ खात पडलेला कोबाल्ट-६० चा गॅमा सेल (प्रयोगासाठी गॅमा किरण देणारं यंत्र) लिलावात निघाला, भंगारवाल्यानं तो कापला, एकाचा जीव गेला. त्या गॅमा सेलवर कायदा लागू होता का? होता. पण वापर थांबल्यावर तो कुणाच्या गळ्यात आहे आणि किती दिवसांत कुठे परत द्यायचा हे विचारायला वर्षानुवर्षं कुणी दारात गेलंच नाही.

म्हणून नव्या मसुद्यात सोर्स आयात करतानाच परतीचा करार मागा, वापर बंद झाल्याची खबर किती दिवसांत द्यायची ते लिहा, आणि मालक दिवाळखोर झाला, मेला किंवा संस्था बंद पडली तर खर्च कुणी उचलायचा तेही लिहा. शेवटचा मुद्दा नेहमी सुटतो, कारण अर्थखात्याला विचारावं लागतं.

काय कुठे लिहायचं, हाच खरा प्रश्न

थर चार आहेत. वर कायदा, जो संसद करते. खाली नियम, जे सरकार राजपत्रात काढतं. त्याखाली नियामकाचे, म्हणजे परवाने देणाऱ्या आणि तपासणी करणाऱ्या संस्थेचे, आदेश. आणि सगळ्यात खाली कोड आणि गाइड, ज्यात शील्डिंगची भिंत किती जाडीची आणि टीएलडी बॅज (अंगावर पडलेला डोस मोजणारा बिल्ला) छातीवर कुठे लावायचा असल्या गोष्टी. मसुदा बिघडतो तो बहुतेक वेळा एका थरातली गोष्ट दुसऱ्या थरात घातल्यामुळे.

मी तीन प्रश्न विचारतो. या तरतुदीमुळे कुणाला तुरुंगात जावं लागेल, कुणाच्या दारात इन्स्पेक्टर शिरेल, कुणाचं मशीन सील होईल का? मग ती कायद्यातच हवी, खाली ढकलायची नाही. विज्ञान पुढे गेलं की ही बदलेल का? मग ती आदेशात. आणि हे काम कसं करायचं याचं नुसतं वर्णन आहे का? मग कोडमध्ये.

डोसची मर्यादा घ्या. आयसीआरपी नावाची आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची समिती आहे, जग साधारण तिच्या मागे चालतं. १९७७ मध्ये तिनं कामगारासाठी वर्षाला ५० मिलिसिव्हर्ट (अंगावर पडलेला डोस मोजायचं एकक) सांगितलं, १९९० मध्ये ते पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० वर आणलं, कुठल्याही एका वर्षात ५० च्या वर नाही अशा अटीवर. आपल्याकडे तर एका वर्षाची कमाल ३० च आहे, आयसीआरपीपेक्षा कडक. मग २०११ मध्ये डोळ्याच्या भिंगाची मर्यादा, जी १५० होती, ती एकदम २० च्या सरासरीवर आली, कारण मोतीबिंदू आधी वाटलं होतं त्यापेक्षा कमी डोसला होतो असं दिसलं. आता हे आकडे कुणी कायद्याच्या कलमात कोरून ठेवले असते तर प्रत्येक वेळी संसदेत जावं लागलं असतं. आपल्या २००४ च्या नियमांनी शहाणपणा केला, मर्यादा पाळणं नियमात बंधनकारक केलं आणि आकडा नियामकाच्या आदेशावर सोडला. नवीन नियमात ही रचना मोडू देऊ नका, मसुदा तयार करणाऱ्याला आकडा दिसला की तो कलमात घालायचा मोह होतोच.

उलटं उदाहरणही आपल्याच घरातलं. १९६२ च्या कायद्यात, जिथे वेगळी शिक्षा सांगितलेली नाही तिथे नियम मोडल्याबद्दल दंड जास्तीत जास्त पाचशे रुपये. १९६२ मध्ये पाचशे म्हणजे पैसे होते. २०१२ ला कॅगनं त्यावर बोट ठेवलं तेव्हाही आकडा पाचशेच, आणि तेवढ्यात शहरात एक्सरे काढून मिळतो. दंडाची कमाल रक्कम कायद्यातच हवी, ती सरकारच्या मर्जीवर सोडता येत नाही हे खरं, पण मग ती पायऱ्यांमध्ये लिहा आणि ठराविक वर्षांनी वाढेल अशी सोय तिथेच करून ठेवा. आणि खरं सांगू का, सेंटरवाल्याला दंडाची भीती नसतेच, भीती असते मशीन सील होण्याची. सील करण्याचा आणि परवाना तात्पुरता थांबवण्याचा अधिकार, आणि त्याविरुद्ध अपील कुणाकडे आणि किती दिवसांत, ही दोन कलमं नीट आली की निम्मं काम झालं.

आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड शेजारी ठेवा, पण छापू नका

एक एक्सेल शीट उघडा. पहिल्या कॉलममध्ये आयएईए, म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था, हिच्या स्टँडर्डमधली अट. दोन स्टँडर्ड पुरतात सुरुवातीला, जीएसआर पार्ट १ ज्यात सरकार आणि नियामक कसा असावा ते आहे, आणि जीएसआर पार्ट ३ ज्यात रेडिएशनपासून संरक्षणाच्या मूळ अटी आहेत. दोन्ही फुकट डाउनलोड होतात. दुसऱ्या कॉलममध्ये आपल्याकडे ती कुठे आहे, कलम, नियम, आदेश. तिसऱ्यात प्रत्यक्षात पाळली जाते का. चौथ्यात काय करायचं. तिसरा कॉलम भरताना भांडणं होतात आणि तीच कामाची असतात, म्हणून तो कॉलम भरायला खात्यातल्या माणसासोबत हॉस्पिटलचा आरएसओ आणि एखादा इन्स्पेक्टर बसवा.

कॉपी-पेस्टचा धोका सगळ्यात जास्त असतो तो कायदा कशाला लागू नाही हे लिहिताना. रेडिएशन सगळीकडे आहे, जमिनीत, केळ्यात, आपल्या अंगात पण. केरळच्या किनाऱ्यावर करुनागपल्लीच्या बाजूला थोरियम असलेल्या मोनाझाइटच्या वाळूमुळे नैसर्गिक पातळीच कितीतरी जास्त आहे. कायद्यात वगळण्याची भाषा ढिसाळ राहिली तर एक तर तिथला कोळी कायदेशीर गुन्हेगार ठरतो किंवा ती वाळू उपसणारी खाण सुटते. म्हणून तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहा: ज्याच्यावर नियंत्रण ठेवणंच शक्य नाही ते कायद्याबाहेर, ज्याचा धोका फार कमी आहे त्याला परवान्यातून सूट, आणि जे आधी नियंत्रणात होतं पण आता इतकं क्षीण झालंय की साध्या कचऱ्यात जाऊ शकतं ते मोकळं. गॅसबत्तीची जाळी आठवते का, पूर्वी मिरवणुकीत डोक्यावर बत्ती घेऊन बायका चालायच्या ती? त्या जाळीत थोरियम असायचं. ते विकणाऱ्या किराणावाल्याला परवाना मागायचा का? नाही. पण जाळ्या बनवणाऱ्या कारखान्याकडे मागायचा, तिथे थोरियमची पोती असतात. हा फरक मसुद्यात दिसला पाहिजे.

युरोपनं २०१३ मध्ये पाच जुने निर्देश एकत्र करून एकच केला आणि सदस्य देशांना आपापले कायदे बदलायला ६ फेब्रुवारी २०१८ पर्यंत वेळ दिला, म्हणजे चार वर्षांच्या वर. त्यात घरातल्या रेडॉन वायूसाठी सुद्धा पातळी आहे, घनमीटरला ३०० बेक्वेरेलच्या (किरणोत्सर्ग मोजायचं एकक) वर देशानं संदर्भ पातळी ठेवायची नाही. आपल्याकडे तसंच्या तसं उचलायचं का? मला वाटतं घरांसाठी घाई नको, आधी मोजमाप हवं, पण खाणी आणि जमिनीखालच्या कामाच्या जागा सोडायच्या नाहीत.

नियामक कुणाचा माणूस आहे

इथे जास्त वेळ द्या. एईआरबी, म्हणजे आपलं अणुऊर्जा नियामक मंडळ, १५ नोव्हेंबर १९८३ ला सरकारी आदेशानं स्थापन झालं, मुख्यालय मुंबईत अणुशक्तीनगरला. ते अहवाल देत होतं अणुऊर्जा आयोगाला, आणि आयोगाचा अध्यक्ष म्हणजेच अणुऊर्जा खात्याचा सचिव, ज्या खात्याच्या भट्ट्या एईआरबीनं तपासायच्या. तिथल्या माणसांनी काम वाईट केलं असं मी म्हणत नाही, उलट तांत्रिक बाजू भक्कमच होती, पण रचना अशी की परीक्षकाचा पगार परीक्षार्थीच्या घरातून. हे बदलायला २०११ मध्ये वेगळं विधेयक आलं, ते लोकसभेबरोबर २०१४ ला बुडालं. २०१५ मध्ये आयएईएचं पथक तपासणीला येऊन गेलं, त्यांनीही नियामकाचं स्वातंत्र्य कायद्यात आणा असंच सांगितलं. आता नव्या कायद्यानं एईआरबीला वैधानिक दर्जा दिलाय. झालं ते चांगलंच, पण दर्जा म्हणजे स्वातंत्र्य नव्हे.

स्वातंत्र्य तपासायचं तर मसुद्यात आणि नियमात या गोष्टी शोधा: नेमणूक कुणाच्या समितीकडून होते आणि त्या समितीत प्रकल्प चालवणाऱ्यांचं कोण बसतं. काढून कुणी टाकू शकतं आणि कारण द्यावं लागतं का. पैसा वेगळ्या हेडखाली येतो की त्याच खात्याच्या बजेटमधून. वार्षिक अहवाल थेट संसदेपुढे जातो का. सरकार निर्देश देऊ शकतं असं कलम असेल तर ते फक्त धोरणापुरतं आहे की एखाद्या परवान्यातही हात घालता येतो. नियामकाकडे स्वतःचे तज्ज्ञ आणि स्वतःची लॅब आहे की प्रत्येक वेळी तपासायचं त्याच संस्थेकडून माणसं उसनी आणायची. यातलं एक जरी ढिलं असेल तर बाकीचे घट्ट असून उपयोग कमी.

जपाननं हे भोगलंय. फुकुशिमाच्या आधी त्यांची सुरक्षा तपासणारी संस्था त्याच मंत्रालयाखाली होती ज्याचं काम अणुवीज वाढवणं. अपघातानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये त्यांनी ती मोडून वेगळं प्राधिकरण केलं, आणि सोबत एक तरतूद आणली जी आपण जरूर बघावी: नवे सुरक्षा निकष आले की ते जुन्या भट्ट्यांनाही लागू. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ च्या, तर हा प्रश्न आपल्याला नवा नाही.

आणीबाणीचे आकडे आधीच लिहून ठेवा

तेही जपानकडूनच. १४ मार्च २०११ ला, म्हणजे भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी, फुकुशिमात काम करणाऱ्यांची आणीबाणीतली मर्यादा १०० वरून २५० मिलिसिव्हर्ट केली. १०० वर काम होणारच नव्हतं म्हणून केली हे समजतं, पण अपघात चालू असताना नियम बदलला की आत गेलेल्या माणसाला काय सांगणार? पुढे त्यांनी २५० ची सोय कायमस्वरूपी नियमात घातली, २०१६ पासून. तुमच्या मसुद्यात हे आधीच हवं: आणीबाणीतली मर्यादा, ती कोण लागू करतं, माणूस स्वेच्छेनं आणि धोका समजावून घेतल्यावरच आत जातो याची लेखी नोंद, आणि नंतर त्याची आयुष्यभर तपासणी कुणाच्या खर्चानं. जिल्हाधिकाऱ्याचं काम काय, पोलिसांचं काय, गाव रिकामं करायचा हुकूम कोण देतो, हे आपत्ती व्यवस्थापन कायद्याशी जुळवून घ्या, दोन कायदे दोन वेगळ्या अधिकाऱ्यांना बॉस करून बसले तर त्या रात्री फोन कुणाला करायचा?

भरपाईचा भाग मी इथे सोडतोय, तो वेगळा आणि मोठा विषय आहे, आणि त्यावर लिहिणारे भरपूर आहेत.

जुन्यातून नव्यात जाताना

हे कंटाळवाणं आहे आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. नवा कायदा आला की जुन्याखालचे परवाने, नियम, चालू केसेस यांचं काय? नव्या कायद्यातलं व्यावृत्तीचं कलम (जुन्यातलं काय चालू राहील ते सांगणारं) आधी वाचा. ते गप्प असेल तिथे १८९७ चा जनरल क्लॉजेस अॅक्ट मदतीला येतो, त्याचं कलम २४ म्हणतं की कायदा रद्द करून नव्यानं केला तर जुन्याखालचे नियम आणि आदेश, नव्याशी विसंगत नसतील तोवर, चालू राहतात. म्हणून कुणी एजंट येऊन सांगत असेल की साहेब तुमचं जुनं लायसन्स बाद झालं, पैसे काढा, तर त्याला आधी अधिसूचना दाखवायला सांगा.

मसुदा करणाऱ्यांनी मुदती वेगवेगळ्या ठेवाव्यात. मोठ्या हॉस्पिटलला सहा महिने पुरतील, तालुक्याच्या डेंटिस्टला पुरणार नाहीत. जपाननं डोळ्याच्या भिंगाची नवी मर्यादा एप्रिल २०२१ पासून लावली पण काही डॉक्टरांना, ज्यांचं काम दुसरं कुणी करू शकत नाही अशांना, टप्प्याटप्प्यानं खाली येण्याची सवलत दिली. कॅथलॅबमध्ये दिवसभर अँजिओप्लास्टी करणाऱ्या डॉक्टरांचा हाच प्रश्न आपल्याकडेही आहे. लेडचे चष्मे, छतावरून लटकणारी काच, भिंगाचा डोस मोजायचा वेगळा बॅज, हे बाजारात पुरेसं मिळायला लागल्याशिवाय तारीख लावली तर लोक बॅज ड्रॉवरमध्ये ठेवून काम करतात. हे सगळ्या टेक्निशियनना माहीत आहे, फक्त कागदावर येत नाही.

आणि इन्स्पेक्टर कुठून आणायचे? सुप्रीम कोर्टानं २००१ मध्येच प्रत्येक राज्यात रेडिएशन सुरक्षेचं संचालनालय करा असं सांगितलं होतं. कॅगनं पाहिलं तेव्हा फक्त केरळ आणि मिझोराममध्ये होतं. मुंबईत बसून गडचिरोलीचं एक्सरे मशीन कोण बघणार? राज्यांना अधिकार द्यायचे तर सोबत पैसे आणि ट्रेनिंग यांचंही कलम हवं, नाहीतर अन्न आणि औषध प्रशासनावर आणखी एक काम येऊन पडेल एवढंच.

सूचना पाठवायची असेल तर

केंद्राचं २०१४ चं धोरण आहे की मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा. कायद्याच्या वेळी काय घाई झाली ते दिसलंच, पण नियम अजून व्हायचेत, आणि रोजच्या कामात आपल्याला नियमच लागतात. म्हणून राजपत्रावर आणि एईआरबीच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा.

सूचना लिहिताना "रेडिएशन घातक आहे, कडक कायदा हवा" असं लिहू नका, ते वाचणारा अधिकारी पुढचं पान उलटतो. नियम क्रमांक लिहा, आत्ता त्यात काय म्हटलंय ते लिहा, त्यामुळे तुमच्या कामात नेमकं काय अडतं ते दोन ओळीत, आणि मग तुमच्या मते ते वाक्य कसं असावं ते पूर्ण लिहून द्या. तयार वाक्य दिलं की ते उचललं जाण्याची शक्यता वाढते, कारण समोरच्याचं काम कमी होतं. उदाहरणार्थ: "सोर्सचा वापर थांबल्यापासून ३० दिवसांच्या आत परवानाधारक नियामकाला कळवेल, आणि संस्थेच्या भंगार किंवा लिलावाच्या यादीला आरएसओची लेखी मंजुरी असल्याशिवाय ती यादी ग्राह्य धरली जाणार नाही." मायापुरीचा गॅमा सेल या एका वाक्यानं अडला असता.

मराठीत पाठवायची असेल तर बिनधास्त पाठवा, फक्त नियम क्रमांक इंग्रजी मसुद्यातलेच ठेवा. एका मेलमध्ये एकच मुद्दा, मुदतीच्या आत, आणि आपल्या असोसिएशनमार्फत वेगळा जात असेल तरी स्वतःचा पण पाठवा, पाठवल्याची पोच जपून ठेवा. अंतिम नियम आले की तोच नंबर काढून बघा काय झालं, बदललं नसेल तर माहिती अधिकारात त्या नियमावर आलेल्या सूचना आणि त्यावरची टिपणी मागता येते, सुरक्षेच्या नावाखाली नाकारली तर अपील करा, एक्सरे मशीनच्या नोंदणीत गुपित असं काही नसतं.